कोपरापर्यंत हात

पुंडलिकराव तायड्यांच्या शर्टाची डावी बाही मनगटाशी बटण लावून बंद असायची आणि उजवी कोपराच्या वर दुमडलेली. लग्नात, थंडीत, फोटोत, सगळीकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा एक बाही विसरला. मग कळलं की कापसाच्या बाजारात तीस वर्षं ग्रेडर म्हणून काढली की माणूस असाच कपडे घालतो. गाडीत वरचा कापूस कोणीही चांगलाच दाखवतो. ओला, पिवळा, कचऱ्याचा माल तळाला असतो. ग्रेडरने हात कोपरापर्यंत आत घालायचा, खालचा पुंजका ओढून काढायचा, अंगठ्याने धागा ताणून पाहायचा आणि मग प्रत ठरवायची. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी काकांची बाही काही खाली आली नव्हती.

मी त्यांच्या गोष्टी पुष्कळांना सांगतो. ऑफिसात नवीन मुलं लागली की हमखास. मुलं हसतात, मलाही बरं वाटतं. एक गोष्ट मात्र मी गाळतो. ती आज लिहितो आहे, आणि लिहिताना मला लाज वाटते आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागलो तर वाचणाऱ्याने ओळखावं.

माझं ऑफिस अमरावतीत, राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत. मुंबईच्या एका शेअर दलालाची इथली शाखा मी चालवतो. काका पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून, निवृत्तीचे पैसे मिळाल्यावर. दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि तीन महिने नुसते पाहत राहिले. रोज साडेनवाला हजर, साडेतीनला बाजार बंद झाला की उठायचे. एक रुपया लावला नाही. शेवटी मीच विचारलं, काका, विचार काय आहे? म्हणाले, "वरचा माल पाहून झाला. आता खालचा पाहून राहिलो."

त्यांना हाकलून द्यायचा विचार माझ्या मनात आला होता, पण त्याच सुमारास एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चांदूर बाजारचे, शेंदूरजनाघाटचे, कुठले कुठले लोक गल्लीतून जाताना काचेतून त्यांना पाहायचे आणि आत यायचे. "अरे, ग्रेडर साहेब इथं बसते?" मग चहा व्हायचा, जुन्या गोष्टी निघायच्या आणि जाता जाता माणूस खातं कसं उघडतात ते विचारायचा. ज्या माणसाने यांच्या मालाची प्रत कधी खोटी लावली नाही तो जिथे बसतो ती जागा खरी असणार, असा सरळ हिशोब. मी काय ओळखायचं ते ओळखलं. पाण्याच्या फिल्टरजवळ त्यांना टेबल दिलं, थोडा पगार दिला आणि 'सल्लागार' अशी पाटी करून घेतली. पाटी पाहून ते म्हणाले, सल्ला कोण देऊन राहिलं? पण परीक्षा द्यावी लागते म्हटल्यावर साठीच्या पुढे त्यांनी ती दिली आणि पास झाले. बर्फी त्यांनीच आणली.

आता यांचा सल्ला कसा? गिऱ्हाईक विचारी, काका, बाजार वर जाईल का? काका म्हणायचे, "मले मालूम नाई." एवढंच. पुढे काही जोडायचे नाहीत. टीव्हीवर कोटातला एखादा माणूस पुढच्या दिवाळीपर्यंतचं सगळं ठामपणे सांगत असायचा आणि आमचा सल्लागार गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, मालूम नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की निदान 'अंदाज आहे' असं तरी म्हणा. त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. याच्या हाताला कधी सरकी लागलेली दिसत नाही, म्हणाले, आणि आवाज बंद करून टाकला. तेव्हापासून आमच्या ऑफिसातला टीव्ही मुकाच चालायचा.

मात्र खातं उघडायला कोणी आलं की काका तीन प्रश्न विचारायचे. हा पैसा कशाचा आहे? कधी लागेल? घरच्या बाईला सांगितलं का? बाई आली तर घरच्या माणसाला. उत्तरं ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहून घेत आणि खाली एक शब्द टाकत: 'चालते' किंवा 'नको'. पेन्सिलच का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, शाई पाहिली की माणूस खोटं बोलतो. फॉर्मच्या पुढच्या बाजूला जोखमीचं एक अख्खं पान असतं. ते कोणी वाचत नाही. आम्ही जिथे फुली मारून देतो तिथे लोक सही करतात. काकांनी ते पान वऱ्हाडीत करून ठेवलं होतं आणि समोरच्याला वाचून दाखवायचे. दोन वर्षांत लागणारा पैसा असेल तर सरळ 'नको'. एक मास्तर तर चिडून म्हणाले, पैसा माझा की तुमचा? काका म्हणाले, पैसा तुमचाच, म्हणून तर विचारून राहिलो. मास्तर दुसऱ्या दलालाकडे गेले. असे बरेच गेले. दर महिन्याला मुंबईहून फोन यायचा आणि मी आकडे सांगताना घसा खाकरायचो.

आपला अपमानही ते गंमत म्हणून सांगायचे. नोकरीला नवेनवे लागले तेव्हा एका बड्या गाडीवाल्याने बाजारात निरोप दिला की दुसरा ग्रेडर पाठवा. कारण सांगितलं नाही. तायडे बौद्ध, काळ जुना, सांगायची गरजही नव्हती. काका म्हणाले होते, नका लावू देऊ हात, पण मग पाणीही तुमचं तुम्हीच काढा, कारण गाडीखाली ते ठिबकून राहिलं होतं. सगळा बाजार हसला. सांगताना काकाही हसायचे, पण उजवा हात मांडीवर पुसायचे. ती सवय होती की आणखी काही, मी कधी विचारलं नाही.

एकच गोष्ट त्यांनी हसत सांगितली नाही. मे महिन्यातली दुपार, वीज गेलेली, कूलर बंद, ऑफिसात आम्ही दोघंच. तरुणपणी ते अकोल्याला होते तेव्हाची गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या ट्रॉल्या आल्या. काकांनी हात घातला, माल ओला. ओला कापूस वजनाला जास्त भरतो, पाण्याचे पैसे मिळतात. वरचा साहेब म्हणाला, तायडे, पास कर. काकांनी पास केला. पुढे गाठी पिवळ्या पडल्या, चौकशी लागली, आणि सगळं बिल वजनकाट्यावरच्या किसन नावाच्या माणसावर फाटलं. त्यानेच वजन वाढवून दाखवलं म्हणे.

"मले इचारलं साहेबानं, सगळ्यायसमोर. मी म्हटलं, माल माझ्यापाशी कोरडाच आला होता. किसन माझ्याकडे पाहून राहिला अन् मी काट्याकडे."

मी विचारलं, मग? मग काय, काका म्हणाले, मी पक्का ग्रेडर झालो आणि तो घरी गेला. तेवढ्यात वीज आली आणि त्यांनी चहा सांगितला.

गजानन ढोके आला तो यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर, राहायलाही तिथेच. बोलका, हसरा, खिशाला दोन पेनं. मुलीच्या नर्सिंग कॉलेजसाठी साठवलेले पैसे होते. ते त्याला आपल्याच कारखान्याच्या शेअरमध्ये लावायचे होते. बाहेरच्या लोकांना काय कळतं, मी तर आतला माणूस आहे, असं त्याचं म्हणणं. रोज गेटातून किती ट्रक भरून जातात ते तो स्वतः मोजायचा.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ट्रक जाऊन राहिले थे बरं हाये, गजाननभाऊ. परत किती येऊन राहिले?"

ढोके हसला. परत आलेल्या मालाचे ट्रक मागच्या गेटाने येतात, ते त्याच्याकडे नव्हते. काकांनी त्याला समजावलं की उद्या मंदी आली तर कापड खपणार नाही. मग नोकरीही जाईल आणि हा पैसाही, दोन्ही एकाच दिवशी. दोन्ही बैल एकाच खुंट्याला का बांधता? फॉर्मच्या मागे त्यांनी लिहिलं: 'मुलीच्या नर्सिंगचे. दीड वर्षात लागतील. बायकोला सांगितले नाही. नोकरी कापडात, शेअर कापडाचा. नको.' ढोके हिरमुसून गेला. फॉर्म माझ्या टेबलावरच राहिला.

आठ दिवसांनी तो परत आला. मधल्या आठ दिवसांत तो शेअर रोज चढला होता आणि काका अकोल्याला गेले होते, मुलीकडे, नातीच्या बारशाला. ढोके म्हणाला, पाहा साहेब, काकांचं ऐकून नुकसान झालं की नाही? मला त्या महिन्याचा आकडा गाठायचा होता. पण आकडा हे काही खरं कारण नाही. खरं कारण असं की या म्हाताऱ्याला एकदा तरी चुकीचा ठरवावा, असं मला कितीतरी दिवसांपासून वाटत होतं. मी फॉर्म उलटा केला, ड्रॉवरमधलं खोडरबर काढलं आणि पेन्सिलचा मजकूर पुसला. चुरा फुंकून टाकला. सल्लागाराच्या रकान्यात 'पु. तायडे' लिहिलं. सही नाही, नुसतं नाव, सगळ्याच फॉर्मवर त्यांचं नाव असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ढोके समोर बसून हे सगळं पाहत होता. 

काका परत आल्यावर त्यांनी विचारलं, थो ढोके आला होता का? मी म्हटलं, नाही.

त्यानंतरच्या वर्षी कापडाला उठाव राहिला नाही. आधी ट्रक कमी झाले, मग कारखान्याच्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनांची एक. शेअर घरंगळायला लागला. ढोक्याचे फोन यायचे, मी त्याला धीर द्यायचो. येईल परत, असं मी म्हणायचो, आणि ते मला कुठून माहीत होतं हे मलाच माहीत नव्हतं. मग करोनाची टाळेबंदी आली आणि बाजार असा कोसळला की पडद्यावर नजर ठरेना. कारखान्याला कुलूप लागलं. लोक घरून फोन करायचे आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, अजून किती पडेल? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. जो जसा घाबरलेला, तसं.

काकाही घरून लोकांचे फोन घेत होते. त्यांचं उत्तर मला नंतर एका गिऱ्हाइकाने जसंच्या तसं ऐकवलं. "मले मालूम नाई किती पडन. पण पैसा तुमाले कवा लागते थे त तुमाले मालूम हाये. लवकर लागत नसन त टीव्ही बंद करा अन् झोपा." ज्यांच्या फॉर्मवर 'चालते' होतं ते बहुतेक झोपले. वर्षभरात बाजार वर आला तेव्हा ते लोक मिठाई घेऊन आले, आणि ती मिठाई मीही खाल्ली.

ढोक्याला वर्षभर थांबता आलं नाही. पगार नव्हता आणि कॉलेजची तारीख होती. त्याने तळाच्या भावात विकलं. फी भरण्याइतके पैसे आले नाहीत. मुलीची जागा गेली.

निर्बंध थोडे सैल झाल्यावर एका सकाळी तो बायकोला घेऊन ऑफिसात आला, म्हणजे बायकोने त्याला आणलं. सुनीताबाई. तोंडाला रुमाल, हातात पिशवी. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ फिल्टरजवळच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"ग्रेडर काका, तुमच्या सांगण्यावरून पैसे टाकले म्हणते हे. माझ्या बापाचा कापूस तुमी पाहिला हाये. ओला असला त ओला म्हणत होते. मंग माझ्या पोरीच्या पैशाले काहून नाई म्हटलं?"

काका गोंधळले. मला वाटतं त्या क्षणापर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फाईल मागितली, मी दिली. द्यायलाच लागली. त्यांनी फॉर्म पाहिला, आपलं नाव पाहिलं. मग फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला, हळूहळू, जसा ते कापसाचा धागा पाहायचे तसा. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची पद्धत होती. रबराने काळं जातं, खाच जात नाही.

त्यांनी ढोक्याकडे पाहिलं. ढोके फरशीकडे पाहत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत होते. मी दोन शब्द बोलायचे होते, 'काका नव्हते', एवढेच. मी पडद्याकडे पाहिलं. त्या दिवशी बाजार थोडा हिरवा होता, ते आकडे मी वाचत राहिलो, आणि वाचता वाचता मला किसन आठवला, काटा आठवला. आठवूनही मी बोललो नाही.

काका उठून उभे राहिले आणि त्यांनी सुनीताबाईला हात जोडले. "बाई, माल माझ्या हाताखालून गेला. माझं चुकलं."

 ती रागावण्यासाठी आली होती. समोरचा माणूस हात जोडून उभा राहिल्यावर राग कुठे ठेवावा हे तिला कळेना, असं मला दिसलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि निघाली. तिच्या मागून ढोके.

ते गेल्यावर काकांनी फॉर्म फाईलमध्ये लावला, फाईल माझ्या टेबलावर ठेवली. उजवी बाही खाली ओढली, मनगटाशी बटण लावलं. इतक्या वर्षांच्या दुमडीची रेघ तिच्यावर पिवळी पडली होती. येतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेनवाला खुर्ची रिकामी होती. महिनाभरात ते अकोल्याला मुलीकडे कायमचे राहायला गेल्याचं कळलं. मी फोन केला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं की सांगायचो, वय झालं आता.

नंतरची दोन वर्षं आमच्या धंद्याला फार चांगली गेली. ज्याला बघावं तो खातं उघडत होता. मी अकोल्याला दुसरं ऑफिस घेतलं, आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावं हा विचार आल्यावर मला कोण आठवलं असेल? अकोल्याच्या कापूसवाल्यांत काकांचं नाव मोठं होतं. सांगायला शरम वाटते, पण मी त्यांच्याकडे गेलो तो आमंत्रण घेऊन. बॅगेत तो फॉर्मही होता. आधी माफी मागायची की आधी आमंत्रण द्यायचं हे बसमध्ये शेवटपर्यंत ठरलं नाही.

त्यांची मुलगी प्रज्ञाताई शिक्षिका आहे. तिने दार उघडलं. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, खूप वाळलेले. दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली. मला पाहून त्यांना आनंद झाला, खरा आनंद, आणि त्यानेच मला कसंतरी झालं. उद्घाटनाची पत्रिका बॅगेतच राहिली. मी फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, काका, हे मी केलं.

"मालूम हाये," ते म्हणाले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "जे होतं थे लिहा."

मी मांडीवर फॉर्म ठेवून लिहिलं. एकही शब्द विसरलो नव्हतो. मुलीच्या नर्सिंगचे. दीड वर्षात लागतील. बायकोला सांगितले नाही. नोकरी कापडात, शेअर कापडाचा. नको. अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं. काकांनी ते वाचून पाहिलं आणि मग किसनच्या गोष्टीचा जो भाग त्या दुपारी राहिला होता तो सांगितला. अकरा वर्षांनी ते किसनच्या घरी गेले होते, खरं सांगायला. किसन दोन वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या बायकोने चहा केला. ऑफिसातून आजवर कोणी आलं नव्हतं, तुम्हीच आलात, असं म्हणाली.

"तिचं थे आयकलं अन् माझं तोंडच उघडलं नाई. चहा पिऊन आलो. तुमी असं नका करू, नितीनभाऊ. बाई जिती हाये. तिले हे नेऊन दाखवा."

मी म्हटलं, पण काका, त्यात ढोकेही उघडा पडेल. घर मोडेल त्यांचं. हे मी त्यांच्या काळजीने म्हणत नव्हतो, आणि काकांना ते कळलं असणार. त्यांनी एवढंच म्हटलं की तिला आतून ठाऊक असेल, फक्त तोंडाने कोणी सांगितलेलं नाही. मग त्यांनी बसच्या वेळा मोजल्या. बाराची धरली तर तीनला अमरावती, तिथून नांदगाव पेठ कितीसं दूर? चारला मी तिच्या दारात असेन. ते फाटकापर्यंत सोडायला आले. ऑटो वळेपर्यंत उभे होते.

मी गेलो होतो. म्हणजे अमरावतीला उतरून गाडी घेतली आणि नांदगाव पेठच्या फाट्यापर्यंत नेली. तिथे टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. समोरच्या रस्त्याने कारखान्याचे ट्रक जात होते, म्हणजे कारखाना सुरू झाला होता. आता सगळं ठीक चाललं असेल, उगाच कशाला उकरायचं, असा विचार मी केला आणि गाडी वळवली.

संध्याकाळी सहाला काकांचा फोन आला. झालं का, त्यांनी विचारलं.

"हो, काका," मी म्हटलं.

"काय म्हणे बाई?"

"काही नाही म्हणाली. रडली थोडी."

 काका म्हणाले, बरं झालं, मला हलकं वाटलं. फोन ठेवताना त्यांनी मला बाप्पा म्हटलं, जसं आपल्या पोराला म्हणतात तसं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या हिवाळ्यात ते गेले. प्रज्ञाताईने कळवलं तसा मी सकाळच्या गाडीने अकोल्याला पोहोचलो. अंगणात माणसं बरीच होती, कापूस बाजारातले म्हातारे, वस्तीतल्या बाया, विहारातले लोक. मेणबत्त्या लावल्या होत्या. त्रिसरण सुरू व्हायचं होतं. प्रज्ञाताईने मला पुढे बोलावलं आणि रडून बसलेल्या आवाजात म्हणाली की बाबा शेवटी तुमच्याबद्दल फार बोलायचे. नितीन जाऊन आला, आपण नाही जाऊ शकलो पण पोरगं जाऊन आलं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

"अन् त्या दिवसापासून बाही पुन्हा दुमडायला लागले होते," ती म्हणाली. "म्हणून आज मी तशीच ठेवली."

मी पाहिलं. पांढरा शर्ट, डावी बाही मनगटाशी बंद, उजवी कोपराच्या वर नीट दुमडलेली. ती खाली ओढावी म्हणून माझा हात पुढे गेला. लोकांना वाटलं मी पाया पडतो आहे, त्यांनी मला जागा करून दिली. म्हणून मी पाया पडलो.

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यावरचं पेन्सिलचं अक्षर आता माझं आहे.